चारशे बारा

दहिसर (पूर्व)
९ जून २०२४

आदरणीय राणे मामा यांस,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही २०१६ साली निवृत्त झालात आणि मी त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात लागलो. सात वर्षं शिकवतोय, अजून तासिका तत्त्वावरच. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की बोंब. तुमचा पत्ता ऑफिसातल्या जयंतीबाईंनी दिला. त्या म्हणाल्या, "फोन करू नका, मामांना आता काही ऐकू येत नाही आणि मोबाईल सुनेच्या हातात असतो. पत्र लिहा, म्हातारा खूश होईल." म्हणून पत्र.

काम असं आहे. येत्या डिसेंबरात विभागाला पन्नास वर्षं होतात. आमचे विभागप्रमुख चंद्रप्रकाश सर यांच्या डोक्यात आलंय की न्यूक्लिअर लॅबमधली जुनी उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची आणि पाहुण्यांना दाखवायची. हे काम माझ्या गळ्यात पडलं. सुरुवात जी. एम. काउंटरपासून करतोय. तीच तुमची लाल आकड्यांची पेटी. किरण नळीत शिरला की पेटी एक ठोका मोजते, साठ सेकंदांनी आकडा दाखवते आणि मुलं तो वहीत उतरवतात. आता ठोके थेट कॉम्प्युटरने मोजावेत असं ठरलंय. पण त्या काळच्या पेटीला कॉम्प्युटरची वायर लागेल असं तोंडच नाही. सर्किटचा नकाशा शोधला तर कपाटात नुसतं कव्हर मिळालं, आतलं वाळवीने खाल्लं.

ठोका पेटीच्या कुठल्या टोकाला मिळतो, तेवढं सांगाल का? विभागात सगळे म्हणतात, त्या पेटीला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही.

आपला,
प्रबुद्ध


मुलुंड (पूर्व)
१५ जून २०२४

चि. प्रबुद्ध,

पोस्टमन जिना चढून वर आला तेव्हा सुनेला वाटलं कोर्टाची नोटीस आली. आजकाल आमच्या बिल्डिंगीत पत्र म्हणजे तेवढंच. तुझं अक्षर सुरेख आहे. नाव पण छान आहे. आडनाव मात्र लिहिलं नाहीस. कुठले तुम्ही?

ती पेटी मी बत्तीस वर्षं जगवली. विभागात सात प्रमुख आले आणि गेले, पेटी जागेवर. पुण्याहून एक इंजिनिअर आला होता, म्हणाला भंगारात काढा. मी म्हटलं, आधी तुझी बॅग भंगारात काढ. असो.

आता ऐक. पेटी उलटी फिरव. मागे चार गोल सॉकेटं दिसतील. डावीकडून दुसरं तुझ्या कामाचं. तिथे दर ठोक्याला पाच व्होल्ट मिळतात. मध्ये एक रेझिस्टर घाल. थेट कॉम्प्युटरला जोडशील तर कॉम्प्युटरची वाट लागेल. आमच्या वेळी असले छोटे बोर्ड मिळत नव्हते, तुम्हाला लॅमिंग्टन रोडला शंभर दुकानं. ठोके बोर्डाकडे ने, बोर्ड कॉम्प्युटरला जोड, झालं.

एकच गोष्ट ध्यानात ठेव, पेटी उघडू नकोस. आत नऊशे व्होल्ट असतात. तरुण माणूस आहेस, बायको-पोरं असतील.

जयंतीने सुनेच्या मोबाईलवर कळवलंय की त्या दिवशी माझा सत्कार पण आहे. मी म्हटलं कशाला उगाच. पण सूनबाई नवीन सदरा घेऊन आली आहे.

तुझा,
नंदकुमार राणे (मामा)


दहिसर
२ जुलै २०२४

आदरणीय मामा,

तुमचं सॉकेट अगदी बरोबर निघालं. पहिला ठोका कॉम्प्युटरवर उमटला तेव्हा आमच्या वर्गातली ऋतिका नावाची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षांची पेटी आणि दोनशे रुपयांचा बोर्ड एकमेकांशी बोलायला लागले.

पण एक विचित्र प्रकार दिसतोय. पेटी फक्त बेरीज दाखवते. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक ठोका कधी पडला तेही लिहून ठेवतो. मी सहज दोन ठोक्यांमधल्या अंतराचा आलेख काढला. तो विस्कटलेला यायला हवा. मी दरवर्षी वर्गात सांगतो की कोणता अणू कधी फुटेल ते कोणालाच माहीत नसतं, दोन ठोके कधी लागोपाठ पडतील, कधी बराच वेळ एकही पडणार नाही. माझ्या आलेखात एकच उभी काठी आली. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यानंतर सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्याने पडतो. दर वेळी तेवढ्यानेच. भिंतीवरच्या घड्याळासारखा.

चूक माझीच असणार. प्रोग्रॅममध्ये असेल, नाहीतर वायरीत. तुम्हाला असं कधी दिसलं होतं का?

आडनाव विचारलंत. खरात.

आपला,
प्रबुद्ध


मुलुंड
८ जुलै २०२४

चि. प्रबुद्ध,

अर्थिंग तपास. त्या खोलीचं अर्थिंग पहिल्यापासून बोगस आहे. शेजारच्या लॅबमधली मोटार चालू झाली की असे प्रकार होतात. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पेटीला नावं ठेवू नका.

आलेख कशाला काढतोस? पाहुण्यांना ठोके पडताना दिसले की पुरे. आणि पेटी उघडू नकोस.

नं. राणे


दहिसर
२१ जुलै २०२४

राणे मामा,
जयभीम.

अर्थिंग तपासलं, चांगलं आहे. मोटार बंद ठेवून पाहिलं. कॉम्प्युटर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला. काठी जागची हलली नाही. मग शिशाच्या डबीतला किरणोत्सारी स्रोत दूर नेऊन ठेवला. साठ सेकंदांत चारशे नऊ ठोके. स्रोत परत आणला, चारशे नऊ. शेवटी नळीच काढून टेबलावर ठेवली. पेटीला आता डोळाच नाही, तरी चारशे नऊ.

तुम्ही दोनदा बजावूनही मी पेटी उघडली.

उजव्या कोपऱ्यात आगपेटीएवढी एक सर्किटची पट्टी आहे. ती कंपनीची नाही. ठोके ती पट्टी बनवते. व्होल्टेजच्या बटणाला ती अशी जोडली आहे की बटण फिरवलं की ठोके आधी वाढतात आणि मग सपाट राहतात, पुस्तकातल्या आलेखासारखे. कारागिरी सुंदर आहे. आणि वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधल्या आहेत, दर बोटभर अंतरावर एक गाठ. विभागातली तुमची प्रत्येक दुरुस्ती मी त्या गाठीवरून ओळखतो. सही करायची गरजच नाही.

आता मी लपवलेलं सांगतो. सपना धोंडिराम खरात हे नाव आठवतं का? टी.वाय. बी.एस्सी., मार्च १९९८. ती माझी थोरली बहीण. परीक्षेत तिला ही पेटी आली. एकेका व्होल्टेजला तीनदा मोजायचं होतं. तिने लिहिलं ४१२, ४१२, ४११. पुढच्याला ४१२, ४१२, ४१२. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, किरणोत्साराचे आकडे इतके सारखे येतच नाहीत, हिने मोजलंच नाही, बसल्या जागी लिहिलं. जर्नलवर लाल शाईने "बनावट नोंदी" असा शेरा मारला. ती नापास झाली आणि वर एक वर्ष परीक्षेला बसायला बंदी आली.

आमचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. शिकलेल्या माणसावर त्यांचा देवासारखा विश्वास. ते म्हणाले, "सर कशाला खोटं बोलतील? आपल्या घरात खोटं लिहिणारं माणूस निघालं." त्यांनी तिचं कॉलेज बंद केलं. आई म्हणत होती, "पोरगी म्हणते तसंच असंल." पण घरात आईला विचारतो कोण! मी बारा वर्षांचा होतो. महिनाभर मी तिला कॉपीमास्तर म्हणून चिडवत होतो. ती एवढंच म्हणायची, "मी दिसलं ते लिहिलं." वर्षभराने तेही म्हणायची बंद झाली.

तिच्या वाटणीचं शिक्षण मी घेतलं. ती आज चेंबूरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते आणि दुसऱ्यांचे रिपोर्ट पाकिटात घालते. मामा, ती खरं बोलत होती. तुम्हाला हे माहीत होतं का?

प्रबुद्ध खरात


मुलुंड
३० ऑगस्ट २०२४

चि. प्रबुद्ध,

तापाने आडवा होतो म्हणून उशीर झाला.

तू पेटी उघडलीस तर आता सगळं ऐकून घे. नळी त्या वर्षी फेब्रुवारीत मेली. नवी नळी मागणारा अर्ज मी त्याच्या आधीच्या जुलैपासून देत होतो, कारण ती मरायला टेकली आहे हे मला दिसत होतं. तीन वेळा अर्ज परत आला. एकदा सही नाही, एकदा शिक्का नाही, एकदा म्हणे पुढच्या बजेटात. परीक्षा दहा दिवसांवर आली. तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले, "राणे, तुमच्या हातात जादू आहे, काहीतरी करा." काहीतरी म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीन दिवस बसून ती पट्टी केली. एका परीक्षेपुरती. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून केली. त्यात माझा काय फायदा होता?

बारा पोरं त्या पेटीवर बसली आणि बाराच्या बारा सुटली. एक मुलगी सोडून, असं तू म्हणतोस. मला नाव आठवत नाही. खूप वर्षं झाली.

झालं ते झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला पण त्याच कॉलेजात नोकरी करायची आहे.

नं. राणे


दहिसर
४ सप्टेंबर २०२४

राणे मामा,

"एक मुलगी सोडून." हे तीन शब्द लिहिताना तुमचा हात थांबला नाही?

मला एक गोष्ट समजत नव्हती. पेटी बारा जणांना तेच आकडे दाखवत होती. मग बाकी अकरा कसे सुटले? सपनाच्या बॅचचा सिद्धेश परब पवईत असतो. त्याला जाऊन भेटलो. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे यार, सगळ्यांना माहीत होतं. राणे मामांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं ना, पेटी सारखे आकडे दाखवते, रीडिंग जरा हलवून लिवा रे! मग आम्ही लिहिलं, तीनशे अठ्ठ्याण्णव, चारशे एकवीस, चारशे पंधरा. झकास मार्क पडले." मग हसता हसता थांबला आणि म्हणाला, "सपनाला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं."

म्हणजे ज्यांनी आकडे बनवले ते पास. जिने पाहिलं तेच लिहिलं, ती बनावट.

मी तुमच्यावर केस करणार नाही, वर्तमानपत्रात जाणार नाही. मला फक्त एक कागद हवा आहे. तुमच्या हाताने लिहा की पेटी त्या दिवशी चारशे बाराच दाखवत होती, आणि खाली सही करा. तो कागद मला नको, सपनाच्या नावाने पाठवा. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. ती सेहेचाळीस वर्षांची आहे. बाबा तिला खोटारडी समजूनच गेले. आईला आता कमी दिसतं. निदान आईला कोणीतरी तो कागद वाचून दाखवू दे.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, मामा.

प्रबुद्ध


मुलुंड
२९ सप्टेंबर २०२४

प्रबुद्ध,

तुझं पत्र तीन आठवडे उशाखाली होतं. सुनेला सांगितलं विम्याचं आहे.

मला नाव आठवत होतं. पहिल्या पत्रात तू आडनाव लिहिलं नव्हतंस म्हणून मी विचारलं, आणि दुसऱ्या पत्रात "खरात" वाचलं तेव्हाच आठवलं. ती दोन वेण्यांची पोरगी डोळ्यांपुढे उभी राहिली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्टोअररूममध्ये पोरांना चहा पाजला. मी दर वर्षी पाजायचो. तिथेच सांगितलं, रीडिंग हलवून लिहा. त्या चहाला तुझ्या बहिणीला आणि आणखी दोघांना मी कधी बोलावलं नाही. कप कमी होते असं तुला सांगू शकलो असतो. पण कप बारा होते. त्या दोघांना कोणीतरी बाहेर सांगितलं. तिला कोणी सांगितलं नाही. मी विसरलो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मनात आलं होतं की हिला पण सांगावं. मग वाटलं, सांगेल कोणीतरी. मागच्या टेबलावरची मुलं मला माझी वाटायची नाहीत, एवढंच खरं. का वाटायची नाहीत ते तुला मी वेगळं लिहायला नको.

अजून एक गोष्ट आहे. परीक्षक तिला बोलत होते तेव्हा मी दाराशी उभा होतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही बघितलंत ना? मी तीन-तीनदा मोजलं." परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी घाबरलो की माझं मालवणी तोंडाबाहेर येतं. मी म्हटलं, "माका काय म्हायत नाय गो. मी भायर होतंय."

मी बाहेर नव्हतो. सगळा वेळ तिथेच होतो. ती एकेक मिनिट आकड्यांकडे बघत बसली होती. बाकीची पोरं नुसतं बटण फिरवून गप्पा मारत होती. बत्तीस वर्षांत त्या पेटीसमोर पूर्ण साठ सेकंद बसलेलं ते एकच माणूस मी पाहिलं.

नवी नळी पुढच्या वर्षी मंजूर झाली होती. मीच ती बसवली नाही. बसवली असती तर जुनी कधी मेली ते वहीत लिहावं लागलं असतं, आणि मग तुझ्या बहिणीचं प्रकरण उघडं पडलं असतं. नळी कुठल्याशा दुसऱ्या खात्यात गेली. पट्टी राहिली.

कागद लिहितो. पण २१ डिसेंबरचा सत्कार होऊ दे. माझी मुलं, नातू येणार आहेत. एक दिवस खुर्चीवर बसू दे, मग तू म्हणशील तिथे सही करतो. हे मागायला तोंड नाही, तरी मागतो.

नंदकुमार राणे


दहिसर
२० नोव्हेंबर २०२४

राणे मामा,

उत्तराला उशीर झाला. परीक्षांचं काम होतं.

तुम्ही कागदाचं लिहिलं होतंत. तूर्त राहू द्या. विभागात कायम शिक्षकाची एक जागा निघाली आहे, मुलाखत डिसेंबरच्या शेवटी आहे. समितीत चंद्रप्रकाश सर आहेत. मी त्यांना पेटीचं सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. नवी नळी मागवू या, म्हटलं. ते म्हणाले, नवी मागवली तर जुनी कधी गेली ते लिहावं लागेल, सव्वीस वर्षांच्या प्रात्यक्षिकांचं काय उत्तर देणार? आणि म्हणाले, तुम्ही हुशार आहात, कार्यक्रमापर्यंत काहीतरी करा.

सपनाला मी अजून काही बोललो नाही. इतकी वर्षं गेली, तिने मनातून काढून टाकलं असेल. उगाच खपली कशाला काढायची! माझी मुलगी आता सातवीला आहे. तुम्ही समजून घ्याल.

कार्यक्रमाला भेटूच. ही पत्रं जपून ठेवू नका.

आपला,
प्रबुद्ध


मुलुंड
२४ डिसेंबर २०२४

प्रबुद्ध,

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि ऐकू येत नसलं तरी टाळ्या दिसल्या. चंद्रप्रकाशने माझ्याबद्दल काय सांगितलं ते नातवाने कागदावर लिहून दाखवलं. "यांनी यंत्रं जगवली." मी मान हलवली.

मग सगळे चहाला गेले आणि मी तुझ्या टेबलापाशी गेलो. मोठ्या स्क्रीनवर आलेख चालू होता. काठी नव्हती. छान विस्कटलेला, पुस्तकात असतो तसा. क्षणभर मला खरंच वाटलं की तू कुठून तरी नळी आणलीस. डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या. मग जुनी सवय, मी शिशाच्या डबीवर झाकण ठेवलं. स्क्रीनवरचे ठोके कमी झाले नाहीत. मी पेटीचा प्लग काढला. लाल आकडे विझले. स्क्रीनवरचे ठोके चालूच.

तू मला दुरून बघितलंस. मी प्लग परत लावला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. नातवाला विचारलं की मशीनशिवाय असे आकडे काढता येतात का, तर त्याने कागदावर लिहिलं, "आबा, तीन ओळी लिहायच्या फक्त." मला तीन दिवस लागले होते. माझ्या आकड्यांना निदान पेटी लागायची. आणि माझे आकडे सारखे यायचे, म्हणून एक खरी पोरगी त्यात सापडली. तुझे हवे तसे हलतात. आता कोणी सापडणार नाही. माझ्यापेक्षा तू चांगला कारागीर आहेस.

जुलैमध्ये तुझ्या पत्रांनी मला जाळलं होतं. मी म्हणत होतो, जाळू दे, पोरगा खरा आहे.

मुलाखतीच्या आधी हे पत्र तुला मिळेल. घाबरू नकोस. तुझ्याबद्दल मी कोणाला काही लिहिलेलं नाही. पण सपनाला काल पत्र टाकलं. तू "तूर्त राहू द्या" म्हणालास, तरी टाकलं. आता मी कोणाच्या सांगण्यावरून थांबायचं? पेटी, पट्टी, चहा, मी दाराशी काय बोललो ते सगळं लिहिलं. खाली सही केली. पोस्टात जाताना नवीन सदरा घातला होता.

नंदकुमार राणे


चेंबूर
१२ जानेवारी २०२५

राणे मामा,

तुमचं पत्र मिळालं. मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं होणार नाही. तुम्ही दाराशी जे बोललात ते माझ्या कानात सव्वीस वर्षं आहे. तुमचं खरं मालवणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पण तुम्ही "चारशे बारा" असं आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलंत, ते बरं केलंत. मधल्या वर्षांत एक काळ असा आला होता की मलाच वाटायचं, मी खरंच मोजलं होतं का? सगळं घर एक म्हणतं तेव्हा माणसाला आपल्या डोळ्यांची खात्री राहत नाही. पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी काय म्हणत हुते?" आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

पत्र घेऊन मी दहिसरला गेले. वाटलं, प्रबुद्धला सगळ्यात जास्त आनंद होईल. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्याला ऐकू येत नाही, काहीही लिहितो. मी स्वतः ती पेटी कॉम्प्युटरला जोडली आहे. चांगली चालते." त्याने मोबाईलवर मला आलेख दाखवला. मी विचारलं, "स्रोत झाकला की ठोके कमी होतात?" तो म्हणाला, "होतात ना." हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी पदवीधर नाही, पण शेवटच्या वर्षापर्यंत शिकले आहे. नळी मेलेली असेल तर तो आलेख येणार नाही, आणि तो आलेख खरा असेल तर तुमचं पत्र खोटं. तुमच्या वयाला खोटं लिहून तुम्हाला काय मिळणार होतं? त्याला मिळण्यासारखं मात्र होतं. दुसऱ्या तारखेला त्याची कायमची ऑर्डर आली. तो पेढे घेऊन आला होता. मी एक खाल्ला.

मी त्याला काही बोलले नाही, बोलणारही नाही. बोलले तर त्याची नोकरी जाईल, आणि ती नोकरी माझ्या शिक्षणातून झाली आहे. तुम्हीही आता गप्प राहा. तुम्हाला ते जमतं.

तुमचं पत्र मी जर्नलमध्ये त्या लाल शेऱ्याच्या पानाला टाचून ठेवलं आहे. प्रबुद्ध यायचा असला की जर्नल माळ्यावर टाकते. त्याला वाटतं, ताईला काही कळलं नाही. बाबा म्हणाले होते, आपल्या घरात खोटं लिहिणारं माणूस निघालं. त्यांचं म्हणणं खरंच होतं, मामा. फक्त त्यांनी पोर चुकीचं धरलं.

सपना